कलम न विचारता

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तुरुंगातली माणसं आणि ख्रिस्ती करुणा' हा विषय शिबिराच्या पत्रकावर छापला गेला, तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारलं, हा विषय आपल्याकडे कशाला? त्यांचे प्रश्न दोन होते. पहिला असा की, आपली चळवळ सगळ्याच धर्मांकडे सावधपणे पाहत आली आहे. मग एका धर्मातल्या करुणेबद्दल आपण तासभर का ऐकायचं? दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. ज्या बाईला जाळलं, जिच्यावर बलात्कार झाला, तिला न्याय मिळता मिळत नाही. आणि कळवळा तुरुंगातल्या माणसांचा करायचा?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी ते टाळणार नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही, कुठलाच धर्म पाळत नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यानंतर गेली दहा वर्षं मी महिला कैद्यांबरोबर काम करते. या दहा वर्षांत ज्या ज्या तुरुंगाच्या गेटवर मी गेले, तिथे बहुतेक वेळा माझ्या आधी कुणीतरी सिस्टर जाऊन आलेली होती. रजिस्टरमध्ये माझ्या सहीच्या वर तिची सही असायची. ती का येते, काय करते, तिच्या येण्याने काय होतं आणि काय होत नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्यातून आपण काय घ्यावं आणि काय घेऊ नये, एवढंच आज बोलणार आहे.

आत कोण आहे?

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यातली चारातली तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशी. त्यात बाया होत्या २३ हजार ७७२. म्हणजे शंभरात चार. आणि १,५३७ बायांबरोबर आत राहणारी त्यांची मुलं होती १,७६४.

शंभरात चार या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. तुरुंग बांधला जातो पुरुषांसाठी. बायांची बराक म्हणजे त्याच आवारातला भिंत घालून वेगळा काढलेला एक तुकडा. कारखाना पुरुषांकडे, वाचनालय पुरुषांकडे, मोकळं मैदान पुरुषांकडे. बायांची सोय नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतात, आणि मग घरच्यांना भेटायला येणं परवडत नाही.

तसंही भेटायला येतं कोण? पुरुष आत गेला की त्याची बायको, आई, बहीण पिशवी घेऊन गेटवर उभी राहते. मजुरी बुडवून येते, वकिलाचे पाय धरते, मंगळसूत्र मोडते. बाई आत गेली की नवरा दुसरी करतो. भाऊ म्हणतो, ती आम्हाला मेली. मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाबाहेर जाऊन बघा. पुरुष कैद्यांसाठी आलेली रांग बायांची असते. बाई कैद्यासाठी आलेलं माणूस शोधावं लागतं.

बराकीत कोण कोण असतं? चोरीच्या आरोपाखाली आलेली घरकामवाली. कुणाचं तरी पुडकं पोचवायला निघालेली आणि पकडली गेलेली. बरीच वर्षं मार खाऊन एका रात्री नवऱ्यावर हात उचललेली. जामीन मंजूर होऊनही आत बसलेली, कारण दहा हजारांचा जामीनदार द्यायला तिच्या ओळखीत सात-बारा असलेलं माणूस नाही.

आणि एका कोपऱ्यात असतात सासवा.

इथे मी थोडं थांबते, कारण या बायांना आत पाठवण्यात आपला हात आहे. हुंडाबळींच्या विरोधात आपल्या संघटना रस्त्यावर उतरल्या, म्हणून १९८३ साली ४९८-अ आलं आणि १९८६ साली ३०४-ब आलं. १ जुलै २०२४ पासून ही कलमं न्याय संहितेत ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. ते कायदे हवेच होते आणि आजही हवेत. सून जळाली असेल तर सासूला शिक्षा झालीच पाहिजे, यात मला काही शंका नाही. पण शिक्षा सुनावली त्या दिवशी आपलं काम संपतं, आणि त्या बाईचे दिवस तिथून सुरू होतात. अशी एक सासू मला माहीत आहे. वय सत्तरीकडे झुकलेलं. मुलगा दुसऱ्या तुरुंगात. पहिल्या भेटीत तिने एवढंच विचारलं, "पोराला जेवण नीट मिळतं का तिकडं?" मेलेल्या सुनेबद्दल एक अक्षर नाही. मी दोन वर्षं जात राहिले. एकदा मधेच म्हणाली, "नात आता कितवीत असंल?" नात सुनेच्या माहेरी वाढत होती. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. त्याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही, ते म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण असं गप्प होण्यासाठीही समोर कुणीतरी बसलेलं लागतं.

ते कुणीतरी कोण होणार, हा आजचा प्रश्न आहे.

भेट

आता ख्रिस्ती परंपरेकडे येऊ. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात शेवटच्या निवाड्याचं चित्र आहे. त्यात राजा माणसांना प्रश्न विचारतो. भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानलेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, उघड्याला कपडा दिलात का, आजाऱ्याची विचारपूस केलीत का, आणि बंदिवानाला भेटायला गेलात का? सगळ्यांत क्षुल्लक मानल्या गेलेल्या माणसासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत, असं तो सांगतो.

ही यादी मी एक कार्यकर्ती म्हणून वाचते तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात. एक, यादीतल्या बंदिवानाच्या मागे 'निरपराध' हे विशेषण नाही. भुकेला का भुकेला आहे हे जसं विचारलेलं नाही, तसंच हा का आत आहे हेही विचारलेलं नाही. दुसरी गोष्ट, त्याला सोडवलंत का, सुधारलंत का, उपदेश केलात का, असं काही विचारलेलं नाही. भेटायला गेलात का, एवढंच विचारलं आहे. ज्याच्यासाठी गेटवर कुणी येत नाही त्याला कळतं की ही किती मोठी गोष्ट आहे.

आणि हे त्या धर्मात वरवरचं नाही. येशू स्वतः पकडला गेलेला, घाईघाईने खटला चाललेला, फटके खाल्लेला आणि मृत्युदंड झालेला माणूस आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या शेजारी दोन गुन्हेगार टांगलेले आहेत, आणि त्यातल्या एकाला तो तिथल्या तिथे स्वर्गाचं आश्वासन देतो. बहुतेक शिष्य पांगले तेव्हा क्रुसाजवळ थांबल्या त्या बाया. पौलाची काही पत्रं तुरुंगातून लिहिलेली आहेत. ज्या धर्माचा देवच कैदी झाला, त्याच्या अनुयायांना तुरुंगाकडे पाठ फिरवणं अवघड जायला हवं. पुष्कळांनी फिरवलीही. पण ज्यांनी फिरवली नाही, त्यांच्यात बायांची नावं ठळक आहेत.

न्यूगेटमधली बाई

त्यातलं एक नाव एलिझाबेथ फ्राय. ही इंग्लंडमधल्या क्वेकर पंथातली बाई. सुखवस्तू घरातली, पुढे अकरा मुलांची आई झालेली. १८१३ साली ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायांच्या भागात पहिल्यांदा गेली. सुमारे तीनशे बाया आणि मुलं दाटीवाटीने कोंबलेली, अंथरूण नाही, तिथेच स्वयंपाक, तिथेच धुणं. शिक्षा झालेल्या आणि न झालेल्या एकत्र. पहारेकरीसुद्धा एकटे आत जायला कचरत. ही बाई लहान मुलांसाठी कपडे घेऊन आत गेली.

१८१७ साली तिने आणखी बायांना बरोबर घेऊन न्यूगेटच्या स्त्री-कैद्यांसाठी एक मंडळ काढलं. सुरुवात केली ती आतल्या मुलांच्या शाळेपासून. मग शिवण आणि विणकाम आलं. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: बराकीचे नियम ठरवताना तिने एकेक नियम बायांसमोर वाचला आणि हात वर करून त्यांचं मत घेतलं. ही १८१७ सालची गोष्ट आहे, इंग्लंडच्या कुठल्याच बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हतं तेव्हाची. कैदी बायांना स्वतःच्या नियमांवर मत मिळालं. फ्राय त्यांना बायबल वाचून दाखवायची, ती तिची श्रद्धा होती. पण त्याबरोबर सुई-दोरा, शाळा आणि मतही होतं.

१८१८ साली ती ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला उभी राहिली. अशी साक्ष देणारी ती पहिली स्त्री मानली जाते. १८२३ च्या तुरुंग कायद्यात बाई कैद्यांवर बाई पहारेकरी असावी, हे तत्त्व आलं. आज आपण जे गृहीत धरतो, त्याची सुरुवात अशी झालेली आहे.

ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर जाणाऱ्या बायांनाही तिचं मंडळ जहाजावर भेटे आणि प्रत्येकीला कापडाचे तुकडे, सुया, दोरे देई. १८४१ साली 'राजा' नावाच्या जहाजावरच्या बायांनी त्या तुकड्यांची एक मोठी गोधडी शिवली. ती आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. आपल्या आयाबायांना सांगायला नको, गोधडी शिवायला घेतली म्हणजे ती पुरी होईपर्यंत जगायचं असं बाईने ठरवलेलं असतं. आशा म्हणजे काय, हे मला त्या गोधडीतून जेवढं कळतं तेवढं प्रवचनातून कळत नाही.

सगळं तिला जमलं असं नाही. खोट्या नोटा खपवल्याबद्दल हॅरिएट स्केल्टन नावाच्या बाईला १८१८ मध्ये फाशी झाली. फ्रायने तिच्यासाठी पुष्कळ धडपड केली, ती वाया गेली. त्या नोटा होत्या बँक ऑफ इंग्लंडच्या. त्याच बँकेने २००२ साली पाच पौंडांच्या नोटेवर फ्रायचं चित्र छापलं. इतिहासाला उशिरा का होईना, लाज वाटते.

आपल्या घरातली गोष्ट

हे सगळं परदेशातलं झालं, असं वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे राहायला गेल्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलम इथलं आपलं काम दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायांना तिथे जवळ केलं जात होतं. अशा बायांसाठी शिक्षा आणि तिरस्कार याशिवाय काही असू शकतं, हे पाहून आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांच्या धर्मांतरामागे इतरही विचार होते, त्यावरचे वाद आपल्याला माहीत आहेत. पण त्या वाटेवर फुलमची ती भेट आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा बायांसाठी 'कृपासदन' काढलं.

आणि याच्याही दोन वर्षं आधीची गोष्ट. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर राळ उडवली. त्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. आपण ज्याला आपल्या चळवळीचा पहिला ग्रंथ म्हणतो, त्याच्या मुळाशी एक कैदी बाई आहे. ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी बायबलातल्या शब्दांत विचारलं नाही. पण दगड मारणाऱ्यांना त्यांनी विचारलेला प्रश्न तोच होता: ती एकटी कशी गुन्हेगार झाली? तिला या थराला आणणारा पुरुष कुठे आहे?

म्हणजे कैदी बाईबद्दलची आस्था आपल्याकडे कुणी बाहेरून आणून टाकलेली नाही. आपण ती वाटेत कुठेतरी ठेवून दिली आहे.

क्षमा कुणी करायची?

आता अवघड भागाकडे येते. करुणा म्हटलं की मागोमाग क्षमा येते, आणि क्षमा हा शब्द ऐकला की आपल्या अंगावर काटा येतो. त्याला कारण आहे. मार खाल्लेल्या प्रत्येक बाईला कुणीतरी सांगितलेलं असतं, माफ कर आणि नांदायला जा.

सिस्टर राणी मारिया या केरळहून मध्य प्रदेशात आलेल्या. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांना संघटित करून सावकारीतून सोडवण्याचं काम त्या करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या कामाने ज्यांचे हितसंबंध दुखावले होते त्यांची चिथावणी त्यामागे होती. मारणारा तरुण, समंदर सिंह, जन्मठेपेवर गेला. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनी संमती दिली, आणि २००६ साली तो सुटला. तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला राणी मारियांना चर्चने 'धन्य' घोषित केलं.

ही गोष्ट सांगितली की लोक हात जोडतात. मी तीन गोष्टी लक्षात ठेवायला सांगेन. पहिली: क्षमा केली ती ज्यांचं माणूस गेलं त्यांनी. कोर्टाने नाही, पंचांनी नाही, चर्चने त्यांच्या वतीने नाही. दुसरी: ती मागून घेतलेली नव्हती. सेल्मीने राखी बांधली नसती तर तिला कमी ख्रिस्ती ठरवण्याचा हक्क कुणाला नव्हता. तिसरी: खटला चालला, शिक्षा झाली, त्यानंतर हे घडलं. क्षमेने न्यायाची जागा घेतली नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांचंही तसंच. १९९९ च्या जानेवारीत ओरिसातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा ग्रॅहॅम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं यांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. शिक्षेचं काय करायचं ते कायद्यावर सोडलं.

म्हणून आपल्या कामात मी एक फरक करते. क्षमा हा सोसलेल्या माणसाचा खाजगी अधिकार आहे. तो त्याने वापरावा, न वापरावा. भेटायला जाणं हे आपल्यासारख्या तिऱ्हाइतांचं काम आहे, आणि त्यासाठी कुणाला माफ करण्याची गरज नाही. मी त्या सासूला माफ केलेलं नाही. माझा तो अधिकारही नाही. मी फक्त जाते.

करुणा कुलूप कधी होते

ख्रिस्ती करुणेचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवली तर ते खोटेपणाचं होईल. आयर्लंडमध्ये मेरी मॅग्डलीनच्या नावाने सिस्टरांनी चालवलेल्या धोबीखान्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असावी. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, गरीब, 'वळण नसलेल्या' मुलींना तिथे ठेवत. सुधारण्यासाठी. त्या बिनपगारी कपडे धूत राहत, काही जणी मरेपर्यंत. १९२२ ते १९९६ या काळात दहा हजारांवर बाया तिथून गेल्या, असं तिथल्या सरकारच्या २०१३ च्या अहवालात म्हटलं आहे. १९९३ साली डब्लिनमध्ये अशा एका संस्थेने जमीन विकली तेव्हा तिथली थडगी उकरावी लागली. १५५ बायांचे अवशेष निघाले. शेवटचा धोबीखाना १९९६ साली बंद झाला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

तोच धर्म, तेच बायबल. मग फ्रायच्या न्यूगेटमध्ये आणि या धोबीखान्यात फरक काय? फ्राय बाहेरून तुरुंगात गेली, आणि दार उघडावं म्हणून धडपडली. धोबीखान्यात करुणा करणाऱ्यांच्याच हातात किल्ली होती. फ्रायने कैद्यांचं मत घेतलं, इथे बायांची नावंसुद्धा बदलली. हा धोका फक्त ख्रिस्ती संस्थांचा आहे असं समजू नका. सरकारी सुधारगृहं आपण पाहिली आहेत. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून बाईला कुलपात ठेवणारी करुणा कुठल्याही धर्माची आणि निधर्मीही असते.

म्हणून तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येकाला, मग ती सिस्टर असो, भजनी मंडळ असो की आपली संघटना, एकच कसोटी लावा. तुमच्या मदतीला अट आहे का? प्रार्थना केली तर साबण, रडली तर वकील, आमच्या मोर्चाला येणार असेल तर जामीन, असं असेल तर ती करुणा नाही, व्यवहार आहे.

मी ज्या सिस्टरांबरोबर वर्षानुवर्षं गेले, त्यातल्या एका वयस्क सिस्टरची पद्धत सांगते. तुरुंगात नवीन बाई आली की सगळे पहिला प्रश्न विचारतात, "कलम काय?" पोलीस विचारतात, वकील विचारतो, बराकीतल्या बायाही विचारतात. ही सिस्टर विचारते, "घरी कोण आहे?" एवढंच. कलम तिला पुढे कधीतरी कळतं, नाहीतर कळत नाही. पण घरी कोण आहे हे कळलं की काम सुरू होतं. पोरं कुणाकडे आहेत, शाळेत जातात का, म्हाताऱ्या आईला निरोप गेला का, कुणी जामीन राहील का.

भेटीपासून हक्कापर्यंत

१९८१ साली केरळात दोन तरुण सेमिनारियन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'प्रिझन मिनिस्ट्री' आज देशभर पसरलं आहे. कैद्यांना भेटणं, सुटलेल्यांना काही दिवस आसरा, कैद्यांच्या मुलांची वसतिगृहं अशी कामं त्यातून होतात. हे मोलाचं आहे. पण भेट तिथेच थांबली तर अपुरी राहते.

भेटीतून हक्काची वाट कशी निघते, याचं आपल्या राज्यातलं उदाहरण आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असं त्यातल्या पाच जणींनी सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. वस्तुस्थिती पाहण्याचं काम न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांवर सोपवलं. हे महाविद्यालय ख्रिस्ती भगिनींच्या एका संघाने १९५५ साली काढलेलं. १९८३ च्या निकालात बायांसाठी वेगळी कोठडी, चौकशीच्या वेळी बाई पोलीस, अटकेची खबर कायदेशीर मदत समितीला, असे आदेश आले. एका बाईने जाऊन ऐकलं, म्हणून हे झालं.

आणि फादर स्टॅन स्वामी यांना कसं विसरणार? झारखंडच्या तुरुंगात वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी हा जेसुइट माणूस लढला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यालाच एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. तळोज्याच्या तुरुंगात, कंपवातामुळे हातात पेला धरवत नाही म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, यासाठी त्याला न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, कच्चा कैदी असतानाच, मुंबईत त्याचा मृत्यू झाला. खटला सुरूही झाला नव्हता. बंदिवानाला भेटायला गेलेला माणूस बंदिवान झाला. मत्तयची ती यादी आपल्या काळात कुठपर्यंत नेते, ते इथे दिसतं.

आपण काय करायचं

भाषण ऐकून उसासा टाकून घरी जायचं नाही, म्हणून चार कामं सांगते.

एक. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आतल्या बायांना तो माहीत नसतो किंवा वकिलाचं तोंडही पाहायला मिळालेलं नसतं. जिल्हा प्राधिकरणाकडे जाऊन यादी मागा आणि पाठपुरावा करा.

दोन. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले असलेल्यांना हे लागू नाही. तारखा मोजायचं काम तुरुंग अधीक्षकांचं आहे, पण तारखा आपणही मोजू शकतो.

तीन. मुलं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अशा मुलांच्या आहार, आरोग्य आणि शिक्षणाबद्दल आदेश दिले आहेत. ते आपल्या जिल्ह्यात पाळले जातात का? आणि सहा वर्षं पूर्ण झाली की मूल जातं कुठे? पुन्हा आईला भेटतं का? आपल्याकडे काही कारागृहांत 'गळाभेट' होते, जाळी मधे न ठेवता मुलांना आईबापाला भेटू देतात. आपल्या जिल्ह्यात होत नसेल तर मागणी करा.

चार. सुटकेचा दिवस. पुरुष सुटतो तेव्हा गेटवर कुणीतरी असतं. बाई सुटते तेव्हा संध्याकाळ झालेली असते, हातात पिशवी असते, आणि कुठे जायचं ते माहीत नसतं. त्या दिवशी गेटवर आपल्यापैकी एक जण असावी. दोन रात्रींची सोय, एक फोन, एस.टी.चं तिकीट. इतकं आपल्या प्रत्येक गटाला जमण्यासारखं आहे.

हे करताना कुणी ख्रिस्ती सिस्टर तिथे भेटली तर तिच्याशी मैत्री करा. तिच्या श्रद्धेवर वाद घालायला आयुष्य पडलं आहे. ती तिथे आधीपासून येते आहे, गेटवरच्या शिपायाला ओळखते, आणि कुणाचं पोर कुठल्या शाळेत आहे हे तिला तोंडपाठ आहे. तिच्याकडून चिकाटी घेऊ, आपल्याकडून तिला कायदा देऊ. आतल्या बाईला दोन्ही लागतं.

सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. अन्याय झालेल्या बाईचा कळवळा कमी करून तो तुरुंगातल्या बाईला द्यायचा, असं मी म्हणतच नाही. दहा वर्षांत मला आढळलं ते असं की, पुष्कळदा ती एकच बाई असते. आधी पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आली होती, तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही.

चहाच्या वेळी एक वही फिरेल. त्यात आपलं नाव, तालुका आणि महिन्यातला कोणता दिवस देऊ शकाल ते लिहा. पहिल्या खेपेला मी बरोबर येईन.